शेवटच्या तारखेला दुकान बंद राहील

निम्म्या बऱ्हाणपूरचे अर्ज ज्या बाईच्या हातून गेले, तिचा स्वतःचा एक अर्ज मात्र वर्षानुवर्षं जात नव्हता. गावात हे कुणालाच माहीत नव्हतं. मला कळलं तेही चुकून, आणि कळल्यावर मी गप्प बसले. माझी आई म्हणेल, खोटं बोलते, ही आणि गप्प! पण खरंच बसले.

आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. हिंदी शाळेतल्या मुली मौसी म्हणत, बुरख्यातल्या मुली खाला म्हणत. नाव कुणी घेत नसे. बऱ्हाणपूरच्या लालबागेत स्टेशनच्या रस्त्यावरून आत वळलं की त्यांचं घर. पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला लागून दोन बाकडी. दारावर पत्र्याची पाटी, रंगाऱ्याकडून करून घेतलेली: 'यहाँ ऑनलाइन फॉर्म भरे जाते हैं'. आणि तिच्याखाली पुठ्ठ्यावर मावशींच्या स्वतःच्या अक्षरात, मराठीत: 'शेवटच्या तारखेला दुकान बंद राहील'.

आता मला सांगा, दिवाळीत दुकान बंद ठेवणारा फटाकेवाला कुणी पाहिलाय? ज्या दिवशी गिऱ्हाइकांची झुंबड उडणार, नेमकं त्याच दिवशी ही बाई दाराला आतून कडी घालून बसायची. कॉलेजचा मोठा फॉर्म असो की भरतीचा, शेवटची तारीख आली की दार बंद. लोक दार वाजवायचे, हात जोडायचे, शिव्यासुद्धा द्यायचे. मावशी आतून एकच वाक्य म्हणायच्या, "पाटी वाचता येत नाही का?"

"शेवटच्या तारखेला सगळा हिंदुस्थान एकाच दरवाजातून घुसून राहिला असतो," त्या आम्हाला सांगत. "त्यात चेंगरून मरायचं आहे का तुला? आपली शेवटची तारीख चार दिवस आधी. लिहून ठेव."

मावशी तीस वर्षं एका खाजगी शाळेच्या ऑफिसात बाबू होत्या. बाईमाणूस असल्या तरी सगळे त्यांना बाबूच म्हणायचे. दाखले, हजेरीपट, 'सविनय निवेदन है कि'ने सुरू होणारी पत्रं, सगळं त्यांच्या हातचं. शिक्षण हायर सेकंडरीपर्यंत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. रिटायर झाल्या, एका भाच्याकडून कॉम्प्युटर शिकल्या, आणि सहा महिन्यांत त्या भाच्याच्याच चुका काढायला लागल्या. भाचा पुन्हा त्या घरी फिरकला नाही म्हणतात.

त्यांच्याकडे अर्ज भरणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. आत शिरलं की पहिलं, फोन परातीत. दाराशी स्टुलावर एक पितळी परात ठेवलेली असे, त्यात सगळ्यांनी आपापले फोन ठेवायचे. "फोन हातात असला की माणूस अर्धाच इथं असतो. मला पूर्ण माणूस पाहिजे." मग पेन्सिल हातात. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी सगळा अर्ज कागदावर लिहायचा, आणि कागद कुठला, तर लग्नपत्रिकेची मागची कोरी बाजू. गावातल्या सगळ्या जुन्या पत्रिका मावशींकडे जमा व्हायच्या. माझ्या एम.एस्सी.चा अर्ज पहिल्यांदा लिहिला गेला तो कुण्या चिरंजीव आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणीच्या शुभविवाहाच्या पाठीवर. लग्न टाळून शिकायला निघालेल्या आम्ही पोरी, आणि कागद उलटला की समोर गणपती, हळदीची वेळ आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!'

पत्रिकेवर लिहून झालं की 'दुसऱ्या तोंडानं वाचणं'. म्हणजे असं, की तुमचा अर्ज तुम्ही वाचायचा नाही, बाकड्यावर तुमच्यानंतर जो कुणी बसला असेल त्यानं वाचायचा, आणि तोही मोठ्यांदा. मी पहिल्याच दिवशी हुज्जत घातली. म्हटलं, माझी माहिती दुसऱ्यानं का वाचायची?

"आपल्या लेकराचा शेंबूड आपल्याला दिसत नाही बेटा," मावशी म्हणाल्या, "शेजारणीला दिसतो."

आणि दिसायचाही. एका पोरानं जन्मतारखेच्या जागी चक्क त्या दिवसाचीच तारीख टाकली होती, त्यानं स्वतः तीनदा वाचूनही त्याला ते कळलं नव्हतं. शेजारच्या मुलीनं वाचलं आणि ती खुदकन हसली, "भैया, आप आज ही पैदा हुए क्या?" फायदा व्हायचा, नाही म्हणत नाही. पण लाज म्हणून काही उरायची नाही. माझे केमिस्ट्रीचे मार्क ज्या माणसानं खड्या आवाजात वाचले, त्याच्याच दुकानातून आम्ही आजही चपला घेतो. तो अजूनही मला पाहून हळहळतो.

एवढं झालं तरी बटण दाबायचं नाही. आता राजघाट. "जा, तापीवर जाऊन ये. पाय धू, दोन घटका बस, फॉर्मचा विचार करू नको. परत येऊन पाहशील तेव्हा चूक आपोआप दिसेल." लालबागेतून राजघाट काही दोन पावलांवर नाही. लोक कुरकुरत रिक्षा करत, स्कुटीवर जात, काही बदमाश तर कोपऱ्यावर चहा पिऊन परत येत. पण मावशी पायांकडे पाहायच्या. पाय कोरडे दिसले की म्हणायच्या, "तापी आटली वाटतं?" आणि पुन्हा पाठवायच्या.

माझा भाऊ म्हणायचा, बाई सटकलेली आहे. मीही म्हणायचे. पण त्यांच्या हातून गेलेला अर्ज परत आल्याचं कुणी सांगत नसे, म्हणून आम्ही निमूट जायचो.

माझी गोष्ट अशी. बी.एस्सी. झाल्यावर मला महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. आमचं गाव इच्छापूरच्या अलीकडे, मध्य प्रदेशात; घरची केळी. दोन पावलं पुढे गेलं की महाराष्ट्र. मामाचं घर रावेरला. भाषा तीच, पाहुणे तेच, भरीत तेच. पण अर्जात मात्र आम्ही परराज्यातले, आणि परराज्यातल्यांना जागा मोजक्याच. त्यावर आमच्या भागात एक जुना तोडगा आहे, मामाचा पत्ता. ज्याला महाराष्ट्रात शिकायचं तो मामाकडे 'राहतो'. कागदावर. मामाही आनंदानं भाच्यांना पोसतात. कागदावरच.

तेव्हा मावशींकडे आम्ही दोघं गेलो, मी आणि बाबा. बाबा यायलाच पाहिजेत असा नियम होता, कारण ओटीपी त्यांच्या फोनवर यायचा. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो तो माणूस समोर बसल्याशिवाय मावशी अर्जाला हात लावत नसत. याआधी एकदा एका मुलीचे वडील फोनसकट केळीच्या बागेत होते, तिथं रेंज नाही, आणि मुलगी इथं रडतेय, असं झालं होतं म्हणे. बाबा सरळ बागेतून आले होते. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. बाकडं खराब होईल म्हणून ते उंबऱ्यावरच बसले. मावशींनी उठून त्यांना हाताला धरून बाकड्यावर बसवलं. "डाग सुकलेला आहे दादा. बाकड्याला काही होत नाही."

मी पत्रिकेवर पत्ता लिहिला, रावेरचा. मावशींनी चष्म्यावरून पाहिलं.

"दहावी कुठली?"

"इथलीच."

"बारावी? बी.एस्सी.?"

"इथलीच."

"मग बेटा, तू रोज रावेरहून बऱ्हाणपूरला येऊन राहिली होती का? पहिलीपासून?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा समजावणीच्या सुरात म्हणाले, "मावशी, सगळेच तं करतात. हद्द ते काय? आमची केळी रोज रावेरले जाते, तिले कोन विचारते?"

"केळीला मार्कशीट नसते, दादा," मावशी म्हणाल्या.

बाबांना हसू आलं, मला अस्सा राग आला! मी म्हटलं, खरा पत्ता टाकला तर माझा नंबर लागणार नाही. त्या म्हणाल्या, नसेल लागत तर नाही लागणार. मी म्हटलं, तुमचं काय जातं? वर्ष माझं जातं. त्यावर त्यांनी पत्रिका माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हा फॉर्म माझ्या हातून जाणार नाही."

मी तणतणत बाहेर पडले. स्टेशनसमोर दुसरं एक दुकान होतं, तिथल्या माणसानं मामाच्या पत्त्यासकट सगळा अर्ज पाच मिनिटांत भरला. ना पेन्सिल, ना परात, ना तापी. मी बाबांना म्हटलं, पाहा, याला म्हणतात काम. तेवढ्यात तो माणूस म्हणाला, "चाचा, ओटीपी आया होगा, बताओ." बाबांनी एक खिसा चाचपला, दुसरा चाचपला, आणि माझ्याकडे पाहिलं. फोन मावशींच्या परातीत राहिला होता.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जाणं भाग होतं. आम्ही दोघं खाली मान घालून परत गेलो. परातीत एकटा बाबांचाच फोन होता, पालथा घातलेला.

"दोनदा वाजला," मावशी म्हणाल्या. "नंबर आला असेल. मी पाहिला नाही, उलटा ठेवला." त्यांनी फोन उचलून बाबांना नाही, माझ्या हातात दिला. "मी तुला अडवणार नाही. फक्त एवढंच लक्षात ठेव, कागद तपासायच्या दिवशी तुला उभं करतील. मामाला नाही."

मी फोन हातात घेऊन उभी राहिले. बाबा म्हणाले, "तुले वाटते तसं कर, माय." ते असं म्हणाले की मला फार जड जातं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी फोन परत परातीत ठेवला, आणि बाकड्यावर बसून नवी पत्रिका मागितली.

खरा पत्ता, परराज्य, तापी, सगळं यथासांग झालं. तिसऱ्या यादीत, अगदी शेवटून दुसरं, माझं नाव आलं. कागद तपासायच्या दिवशी माझ्या पुढच्या मुलीला रहिवासी दाखल्यावरून बाजूला घेतलं, तेव्हा मी मनातल्या मनात लालबागेच्या दिशेनं हात जोडले. शिव्या दिल्या होत्या, त्याही मनातल्या मनातच परत घेतल्या.

पण मला सांगायचं ते वेगळंच आहे. त्या दिवशी मी राजघाटावरून ओले पाय घेऊन परत आले, तेव्हा मावशी आत चहा टाकायला गेल्या होत्या. बाबा उंबऱ्यावर कुणाशी केळीच्या भावाबद्दल बोलत होते. मी कॉम्प्युटरसमोर बसले. माझा अर्ज उघडावा म्हणून काहीतरी दाबलं, आणि भलताच अर्ज उघडला. महाराष्ट्रातल्याच एका विद्यापीठाचा, घरी बसून शिकायचा. बी.ए., मराठी. फोटो मावशींचा. नाव, पत्ता, मार्क, सही, सगळं भरलेलं. एकच चौकट रिकामी. 'शिक्षणातील खंडाचे कारण'. आणि वर लाल अक्षरात: अर्ज अपूर्ण.

कपबशा घेऊन मावशी दारात उभ्या होत्या.

"नमुना आहे तो," त्या म्हणाल्या. "पोरींना दाखवायला ठेवलाय."

मी मान हलवली. त्यांनी चहा ठेवला, खुर्ची ओढली, आणि आपणहून म्हणाल्या, "नमुना कायचा. खोटं कशाला बोलू. दरवर्षी भरते. सगळं आयुष्य हिंदीत अर्ज लिहिण्यात गेलं, वाटतं, एकदा आपल्या भाषेत काही शिकावं. शेवटच्या तारखेला दार लावून बसते, पण राहून जातो." बाहेरच्या पाटीकडे बोट करून म्हणाल्या, "तू काय समजली, लोकांना शिस्त लागावी म्हणून लिहिलंय ते? तेही आहेच. पण त्यातला एक दिवस माझा असतो."

मी गप्प बसले, असं वर म्हटलं ते इथं. काय बोलणार? ज्या बाईनं मला नुकतंच खऱ्या पत्त्यावर आणून सोडलं होतं, तिला मी विचारावं की एक चौकट भरायला एवढी वर्षं का?

पुढे मी शिकले. आता जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवते. दरवर्षी जाहिरात निघाली की मावशींना फोन करायचे. "मावशी, गेला का?" "पाहू बेटा, पुढच्या वर्षी." कधी डोळ्यांचं निमित्त, कधी प्रिंटरचं. एकदा म्हणाल्या, या वर्षी अभ्यासक्रम बदलणार म्हणतात. मी चिडून म्हटलं, तुमच्याकडे आलेल्या एखाद्या पोरीनं असं सांगितलं असतं तर तिला दारात उभी केली असती का तुम्ही? मग म्हणाल्या, "नसती केली." आणि फोन ठेवला.

गेल्या वर्षी मी ठरवूनच गेले. त्यांच्या अर्जाची शेवटची तारीख होती, संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. मी चार वाजता दार वाजवलं.

"पाटी वाचता येत नाही का?"

"मी आहे, मावशी. उघडा, नाहीतर इथंच उंबऱ्यावर बसते आणि मोठ्यांदा रडते. तुम्ही मला ओळखता."

कडी निघाली. मावशी केवढ्या वाळल्या होत्या! मला भरून आलं, पण तसं दाखवलं असतं तर त्यांनी दार लावून घेतलं असतं, म्हणून मी तडक कॉम्प्युटरपाशी गेले. तोच अर्ज. त्या चौकटीत दोन शब्द होते: 'घरची परिस्थिती'.

"झालं की!" मी म्हटलं. "भरलंय. पाठवा."

मावशींनी खुर्चीत बसून ते दोन शब्द पुसले.

"दरवर्षी इथपर्यंत येते," त्या म्हणाल्या. "लिहिते आणि पुसते."

"अहो, हजारो लोक हेच लिहितात."

"हजारोंचं खरं असतं." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "माझं खोटं आहे. घरची परिस्थिती चांगली होती गं. माझीच नव्हती."

आणि मग त्यांनी सांगितलं. वडील गिरणीत होते. मुलगी हायर सेकंडरीला पहिल्या वर्गात पास झाली म्हणून त्यांनी रजा काढून इंदूरला जाऊन कॉलेजचा फॉर्म आणला. स्टुडिओत नेऊन फोटो काढवला. फॉर्म भरला, लिफाफा बंद केला, आणि मावशी तो टाकायला टपालपेटीपर्यंत गेल्या.

"लिफाफा पेटीच्या तोंडात घातला होता. अर्धा आत, अर्धा माझ्या बोटांत. आणि वाटलं, सही केली का? नेला घरी. फोडून पाहिला. होती सही. दुसऱ्या दिवशी वाटलं, रोल नंबर बरोबर आहे ना? बरोबर होता. तिसऱ्या दिवशी आणखी काही. आठ दिवस मी त्या पेटीपर्यंत जाऊन परत आली. भीती वाटायची. इंदूर केवढं मोठं, आपण काही चुकलो तर लोक हसतील. मग तारीख गेली."

"घरी काय सांगितलं?"

"नंबर नाही लागला म्हणून सांगितलं." त्या हसल्या, पण ते हसणं मला पाहवलं नाही. "बाबा मरेपर्यंत त्या कॉलेजला शिव्या देत होते. कुणी इंदूरचं भेटलं की सुरू, माझ्या पोरीवर अन्याय केला तुम्ही लोकांनी. मी आत भाकरी थापत ऐकायची. आता सांग, त्या माणसाच्या माथी घरची परिस्थिती मारू?"

मला त्या अठरा वर्षांच्या पोरीला बखोटीला धरून पेटीपाशी न्यावंसं वाटलं. आणि तिच्या वडिलांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. दोन्ही आता होण्यासारखं नव्हतं. घड्याळात साडेचार होत आले होते.

"मग जे झालं तेच लिहा," मी म्हटलं.

"हे कुणी लिहितं का फॉर्ममध्ये?"

"मावशी, मला सख्ख्या मामाच्या घरातून बाहेर काढलं तुम्ही. आता मुकाट्यानं खरं लिहा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: 'अर्ज पुन्हा एकदा तपासायला घरी नेला होता.' त्याच्या पुढच्या चौकटीत खंडाची वर्षं. बावन्न.

लिहून झाल्यावर त्यांनी ती ओळ वाचली आणि त्यांना हसू फुटलं. मलाही. दोघी हसता हसता कधी रडायला लागलो ते कळलं नाही. विद्यापीठातला कुणी कारकून हे वाचून काय म्हणेल, याचं आम्हाला काही वाटेना.

"दुसऱ्या तोंडानं वाच," मावशी म्हणाल्या. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यांदा वाचलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. सगळं बरोबर होतं.

"आता जरा राजघाटावर..." त्यांनी सुरू केलं.

"मावशी! पावणेपाच झालेत!"

"म्हणूनच म्हटलं गं," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरून माऊसवर ठेवला आणि माझे दोन्ही हात मागे बांधले. म्हटलं, "मी दाबणार नाही. हे बटण तुमचं आहे." सायटीवर त्या दिवशी खरंच सगळा हिंदुस्थान लोटला होता. त्यांनी दाबलं, आणि ते चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. मावशींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. ओटीपी आला. त्यांनी तो एकेक आकडा मला ऐकवत टाकला. पुन्हा चक्र. आणि मग पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, अर्ज स्वीकारला. खाली अर्ज क्रमांक.

प्रिंटर कुरकुरत चालू झाला, कागद बाहेर आला. मावशींनी तो घेतला, खिडकीपाशी उजेडात नेला, चष्मा नीट केला आणि बोट फिरवत वाचायला लागल्या. मला वाटलं, बाई गं, आता तरी पुरे.

त्यांचं बोट थांबलं.

"चूक आहे," त्या म्हणाल्या.

मी धावत जाऊन पाहिलं. 'व्यवसाय' या रकान्यात यादीतला पहिलाच शब्द तसाच राहिला होता. दुकानदार निवडायचं राहूनच गेलं होतं. तिथं छापलं होतं: विद्यार्थी. मी थोड्या वेळापूर्वी तो शब्द मोठ्यांदा वाचला होता आणि दोघींपैकी एकीलाही तो खटकला नव्हता.

"पाच व्हायला पाच मिनिटं आहेत," मी घाईनं म्हटलं. "दुरुस्तीचं बटण असतं. बसा, करून टाकू."

मावशी कागद तसाच धरून उभ्या होत्या. त्यांनी तो शब्द आणखी एकदा वाचला, या वेळी ओठ हलवून.

"राहू दे," त्या म्हणाल्या.